मनाचे दुखणे आणि आखाजीचा झोका



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. पुण्याच्या हवेला ते नाव शोभते. आपल्या खानदेशात वसंत हा पंचांगातच पाहावा लागतो. शिमगा झाला की ऊन चढते आणि आखाजीपर्यंत पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. दिवसभर असे भाजून निघाल्यावर आपण रात्री सतरंजीवर येऊन बसता आणि आमच्यासारख्याचे तासभर ऐकून घेता, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

व्याख्यानाचा विषय चालकांनी विचारला तेव्हा आम्ही ‘मनाचे दुखणे’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग एकाने हळूच विचारले, ‘म्हणजे वेडाबिडाविषयी का?’ दुसरे म्हणाले, ‘थोडे देवाधर्माचे घाला त्यात, म्हणजे लोक येतील.’ या दोघांच्या बोलण्यात आजच्या विषयाचा सगळा पेच आलेला आहे. मनाचे दुखणे म्हटले की आपणास एकदम वेड आठवते, आणि वेड आठवले की आपण देवाकडे धावतो. मधली जी लांबच लांब वाट आहे तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. जेवणाची चव जाते. दुकान उघडावे असे वाटत नाही. लेकराने हाक मारली तरी ती लांबून आल्यासारखी वाटते. हे वेड नव्हे. पण दुखणे आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा दर १०० प्रौढांमागे सुमारे १० ते ११ जणांना त्या वेळी मनाचा कोणता ना कोणता आजार आढळला. आणि दुखण्यादुखण्यानुसार, शंभरातील ७० पासून ९२ पर्यंत रोग्यांना उपचार असा मिळालेलाच नव्हता. या मांडवात दोनशे माणसे बसली असतील तर हिशेब आपणच करावा. तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून करू नये, एवढीच विनंती.

येथे आम्हास एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हास अधिकार नाही.

आमच्या जवळच्या नात्यातील एक गृहस्थ. शेती बरी, मुले मार्गी लागलेली, नित्याचा हरिपाठ, एकादशी कधी चुकली नाही. एका पावसाळ्यानंतर ते बोलेनासे झाले. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसत. आम्ही त्यांना भेटावयास जात असू आणि रिकाम्या हाताने जात नसू. उपदेश घेऊन जात असू. ‘मन घट्ट करा.’ ‘तुम्हाला काय कमी आहे?’ ‘नामस्मरण वाढवा, सगळे ठीक होईल.’ ते ‘हो’ म्हणत. आठ महिने ते ‘हो’ म्हणत राहिले आणि आम्ही समाधानाने घरी येत राहिलो. मग एक दिवस ते म्हणाले, ‘बाबा, नाम घ्यायला बसलो की आतून काहीच येत नाही. लाकूड झाल्यासारखे झाले आहे. तुम्ही सांगून गेलात की वाटते, आता देवानेही टाकले.’

आमच्या उपदेशाने त्यांच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेवला होता, हे आम्हास त्या दिवशी कळले. हे ज्याला आता सर्रास डिप्रेशन म्हणतात, त्याचे लक्षणच असे की आनंद देणाऱ्या सर्व गोष्टींतला रस आटतो. गोड खाण्यातला आटतो, नातवंडांतला आटतो, तसा भजनातलाही आटतो. भक्तीचा झरा आटला म्हणून दुखणे आले असे नव्हे. दुखणे आले म्हणून झरा लागेनासा झाला. कारण आणि कार्य आम्ही उलटे धरले होते. पुढे त्यांना डॉक्टरकडे नेले. औषधाने चार दिवसांत चमत्कार झाला नाही, होतही नाही, या औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात आणि त्या अवधीत पुष्कळ लोक कंटाळून गोळ्या सोडतात. पण दिवाळीच्या सुमारास एके सकाळी ते आपण होऊन अंघोळीला उठले. हरिपाठ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी परत आला. आधी झोप, मग भूक, मग माणसे, मग देव, असा तो क्रम होता. देवाला शेवटी यावयास कमीपणा वाटला असेल असे आम्हास वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे नवे ज्ञान झाले. आमच्या धर्मग्रंथांत धीर धर, ऊठ, असेच सांगितले आहे. तर मग धर्मग्रंथच उघडू या. गीतेच्या पहिल्या अध्यायाला नाव आहे अर्जुनविषादयोग. विषाद, म्हणजे खचून जाणे, आणि त्याला जोडलेला शब्द ‘योग’! सतराही अध्यायांना जो मान, तोच या रडणाऱ्या अध्यायाला. अर्जुन तेथे आपली अवस्था सांगतो ती ऐकण्यासारखी आहे. अंग गळून गेले आहे, तोंडाला कोरड पडली आहे, शरीराला कंप सुटला आहे, त्वचेची आग होते आहे, हातातून धनुष्य निसटते आहे, उभे राहवत नाही आणि मन भोवंडते आहे. आजचा डॉक्टर कागद-पेन घेऊन बसला तर याच गोष्टी लिहून घेईल. अर्जुनाला काही रोग जडला होता असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यापुढे प्रश्न धर्माचा होता. पण मन खचले की शरीरही खचते, हे त्या काळच्या कवीला पक्के ठाऊक होते.

आणि पुढे काय होते पाहा. श्रीकृष्ण आधी तेच म्हणतात जे आम्ही त्या गृहस्थांना म्हणत होतो. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, तो टाक आणि उभा राहा. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच ते आहे. त्याचा परिणाम काय झाला? काहीही नाही. अर्जुन ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून निघाला तरी ‘मन घट्ट कर’ हा उपदेश लागू पडला नाही, श्रोतेहो! मग आपल्या तोंडून निघाला तर काय होणार? ते पाहून श्रीकृष्णाने पद्धत बदलली. रथ तेथेच उभा ठेवला, आणि पुढचे सगळे अध्याय तो बोलत राहिला. बोलत राहिला त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकत राहिला. अर्जुन तीच शंका फिरवून फिरवून विचारतो. मधेच गोंधळतो, मधेच भितो. ‘किती वेळा सांगू?’ असे श्रीकृष्ण एकदाही म्हणत नाही. आणि शेवटी काय सांगतो? या सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. खचलेल्या माणसाला त्याची इच्छा परत देणे, हा त्या संवादाचा शेवट आहे.

ही गीता आपल्या खानदेशाच्या मातीतही एकदा सांगितली गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, आणि ते अर्जुनाच्या विषादावरच होते. कैद्यांत बसून ती प्रवचने भराभर उतरून घेणारा एक शिक्षक होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्याने शिकविले होते, तेथील छात्रालयातील मुलांची अंथरुणे झाडली होती, त्यांचे कपडे धुतले होते. साने गुरुजी. आज ‘गीता प्रवचने’ घरोघरी आहेत ती त्यांच्या लेखणीमुळे.

त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.

हे वाक्य खानदेशात उच्चारताना आजही घसा दाटतो, आणि म्हणून आपण ते उच्चारतच नाही. त्यांच्या पुण्यतिथीला आम्ही कितीतरी भाषणे ऐकली. आई येते, छात्रालय येते, पंढरपूर येते. शेवट मात्र ‘गुरुजी आपल्यातून गेले’ एवढ्यावर उरकला जातो. आदरापोटी होते ते, आम्हास समजते. त्यांच्या मनात अखेरीस काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकारही आम्हास नाही, आणि तो आम्ही करणार नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या नावाने विचारल्याशिवाय राहवत नाही. ‘श्रद्धा कमी पडली म्हणून माणूस खचतो’ असे म्हणणाऱ्याने साने गुरुजींकडे बोट दाखवून ते म्हणावे. मे १९४७ मध्ये अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांसाठी पंढरीच्या विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून ज्याने प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते दार उघडविले, त्याची श्रद्धा कमी होती? ज्याने तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्याचे प्रेम कमी होते? श्रद्धा अपुरी नव्हती, प्रेम अपुरे नव्हते. मन हे शरीरासारखेच दुखणारे, थकणारे इंद्रिय आहे. मधुमेह जसा भक्ताला होतो, तसे हेही भक्ताला होते. एवढे जरी आपण त्या थोर पुरुषाकडून शिकलो, तर पुण्यतिथीचे चीज होईल.

जाता जाता कायद्याचे सांगतो. असा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पूर्वी आपण गुन्हेगार समजत होतो. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. अशा माणसावर आत्यंतिक ताण होता असेच गृहीत धरावे, त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. आणि ज्याच्या मनात असे विचार घोळत असतील त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ‘टेलि-मानस’ असे त्या सरकारी सेवेचे नाव. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे. रात्रंदिवस असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. लिहून घ्या, हवे तर. आम्ही थांबतो. एक, चार, चार, एक, सहा.

आता पांडुरंगाच्या दारावरून आम्हास दुसरे एक दार आठवते, आणि ते उघडणारी तर आपल्याच मुलखाची. मुक्ताईचे आणि आपले नाते किती जवळचे आहे हे येथे सांगावयास नको. तापीकाठी मेहूणला ती विजेच्या लखलखाटात गुप्त झाली असे आपली परंपरा मानते. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते तिच्या नावाने. तर त्या मुक्ताईचे ताटीचे अभंग प्रसिद्ध आहेत. ताटी म्हणजे झोपडीचे कुडाचे दार. लोकांनी टाकून बोलून ज्ञानदेवांचे मन इतके दुखविले की त्यांनी स्वतःला आत कोंडून घेतले, अशी कथा आहे. तपशील निरनिराळे सांगतात. ज्ञानदेवांसारख्या योग्याने ताटी लावून घेतली, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी आहे असे आपल्या संतपरंपरेला वाटले नाही, हे आधी ध्यानात घ्या. उलट तिने ती गाऊन ठेवली.

बाहेर मुक्ताई उभी राहते. चौघा भावंडांत सर्वांत धाकटी. ती दार मोडत नाही. आळंदीतल्या चार माणसांना गोळा करीत नाही. भगताला बोलावत नाही. ती बाहेर उभी राहून एकामागून एक अभंग म्हणते. ती उपदेशही करते, हे आम्ही नाकारत नाही. चांगला खणखणीत उपदेश करते. पण त्या उपदेशाला एक अधिकार आहे. तिने स्वतः तीच उपेक्षा, तीच भूक, आईबापांच्या पश्चात तेच पोरकेपण सोसले आहे. आणि दार उघडेपर्यंत ती तेथून हलणार नाही हे आतल्याला ठाऊक आहे. आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो तेव्हा उपदेश होता, पण परतीच्या गाडीची वेळही खिशात होती.

विसाव्याविषयी आता बोलावयाचे. डॉक्टर सांगतात, विश्रांती घ्या. आणि आपला शेतकरी हसतो. त्याचे हसणे खोटे नाही. परंतु विसावा ही शहरातल्या पंखेवाल्यांची चैन आहे, असा जो समज होऊन बसला आहे तो आपल्या जुन्या माणसांचा नव्हता. त्यांनी विसावा वर्षाच्या चाकात आऱ्यांसारखा ठोकून बसविला होता. बैलाला पोळा दिला. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवणे पाप. सालदाराला आखाजी दिली. आखाजीला त्याचे साल संपते, नवे ठरते, आणि मधले ते दोन-तीन दिवस तो कोणाचा चाकर नसतो. आणि सासुरवाशिणीलाही आखाजीच दिली.

आखाजीचे वर्णन खानदेशात काय करावे! मुऱ्हाळी जातो, लेक माहेरी येते. कडुनिंबाला झोके बांधलेले असतात. घराघरांतून गौराई बसलेली असते. खापरावर मांडे भाजले जातात, आमरसाच्या पातेल्यांना माशा लागतात, आणि पोरी त्या झोक्यांवर चढून सासू, नणंद, नवरा, सासरचा गाव या सर्वांची उणीदुणी गाण्यांतून काढतात. त्या गाण्यांना कोणी हरकत घेत नाही. वर्षभर जे पोटात ठेवले ते देवीसमोर, मैत्रिणींच्या मेळ्यात, झोक्याच्या हेलकाव्यावर बाहेर टाकण्याची ती मुभा आहे. धर्माने दिलेली मुभा! आजकाल मन मोकळे करावयास माणूस फी भरून जातो. जावे, अवश्य जावे. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. पण आपल्या आज्यापणज्यांनी ही सोय निंबाच्या फांदीला बांधून ठेवली होती, हे विसरू नये.

आणि शहाणी आई काय करते, ते पाहिले आहे ना? लेक आली की पहिल्या दिवशी तिला काही विचारत नाही. सुकली आहे, डोळे खोल गेले आहेत, हे तिला दिसते. ती म्हणते, ‘जेव आणि नीज.’ दोन दिवस निजू देते. सकाळी उन्हे अंगावर आली तरी उठवीत नाही. शेजारीण नाक मुरडते. तिसऱ्या दिवशी केस विंचरता विंचरता लेक आपण होऊन बोलू लागते. या क्रमात पुष्कळ वैद्यक आहे. झोप नीट झाल्याशिवाय मनाचा गुंता सुटावयास लागत नाही, हे आजचे शास्त्रही सांगते.

मात्र येथे आम्हास एक कडू गोष्ट बोलावी लागते. आखाजीला घरी आलेल्या लेकीला झोका मिळाला. त्या दिवशी खापरावर बसलेल्या सुनेला काय मिळाले? तिचे माहेर दूर असेल, आईबाप नसतील, तर तिचा विसावा कोठला? आणि पुरुषाला तर माहेरच नाही. रडावयाची जागा नाही, म्हणून तो पारावर पत्ते कुटतो, नाहीतर बाटलीकडे जातो, आणि आपण म्हणतो, बिघडला. वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटले ते या बिनमाहेराच्या माणसाची भूक ओळखून म्हटले असावे. आणि ज्याला पंढरीलाही जाता येत नाही त्याच्यासाठी आपले पिंप्राळे आहे. आषाढी एकादशीला येथून विठ्ठलाचा रथ निघतो आणि साऱ्या पंचक्रोशीतून माणसे दर्शनाला लोटतात.

त्या रथाकडे पाहताना आमची नजर नेहमी एका माणसाकडे जाते. दोरखंड ओढणारे शेकडो असतात, त्यांचा जयघोष असतो, फुले त्यांच्यावर पडतात. पण चाकाशी वाकून लाकडाची मोगरी लावणारे जे चार-दोन गडी असतात, रथ त्यांच्या हातात असतो. कोठे थांबवावयाचा, कोठे वळवावयाचा, ते मोगरी ठरविते. मोगरी नसेल तर तोच रथ भक्तांच्या अंगावर जाईल. आपण आपल्या पोरांना ओढावयास शिकविले. अभ्यास ओढ, नोकरी ओढ, कर्ज ओढ, संसार ओढ. मोगरी लावावयास कोणाला शिकविले नाही.

कोणी विचारील, मग देवस्थानांत रोगी नेतात ते बरे की वाईट? हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या भागातून मनोरुग्णाला घेऊन लोक बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्याला जातात. हिंदूही जातात, मुसलमानही जातात. आणखीही ठिकाणे आहेत. या लोकांना अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही, कारण मनोरुग्णासाठी सरकारने चालविलेली मोठी जुनी रुग्णालये महाराष्ट्रात चार, ती ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशात एकही नाही. रात्रीतून बिथरलेल्या मुलाला घेऊन बाप जाणार कोठे? जिथे दार उघडे आहे तिथे.

तामिळनाडूत एका लहानशा देवळाविषयी एक अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. बंगळूरच्या निम्हान्समधील मानसोपचारतज्ज्ञांनी तो केला होता. त्या देवळात मनाचे भारी आजार असलेली माणसे घरच्या एकेका माणसासह येऊन राहत. फी नाही, मारहाण नाही, अंगारेधुपारे असा विशेष उपचारही नाही. सकाळी पूजा व्हावी, मग देवळाची झाडलोट, झाडांना पाणी, आणि गावकऱ्यांची आपुलकी. ३१ जणांना येताना तपासले आणि जाताना तपासले. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांची तीव्रता जवळजवळ एकपंचमांशाने उतरली होती. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून कोणी गोळ्या फेकून देऊ नयेत. पण काय गुणकारी ठरले ते स्पष्ट आहे. विसावा, हलके काम, सोबतीला आपले माणूस, आणि हाकलून न देणारे अंगण.

त्याच तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास रोग्यांना ठेवून घेणारी खाजगी घरे होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. रोगी साखळदंडांनी खांबांना बांधलेले होते. २८ जण जळून मेले. श्रद्धेच्या सावलीत दोन्ही गोष्टी घडल्या, श्रोतेहो. एका जागी अंगण होते आणि दुसऱ्या जागी साखळी. आता कायद्याने साखळी बांधणे हा अपराध आहे. कोणत्याही बाबाच्या, भगताच्या किंवा आश्रमाच्या दारात साखळी दिसली, चाबूक दिसला, किंवा ‘औषध बंद करा’ असे शब्द ऐकू आले, की तेथून आपला रोगी उचलून आणावा. तेवढी पारख पुरे.

औषधाविषयी आणखी दोन शब्द, कारण हे आपल्याकडे विशेष लागू पडतात. काही रोग्यांना लिथियम नावाचे औषध चालू असते. ते चांगले औषध आहे. पण अंगातले पाणी कमी झाले की रक्तात त्याचे प्रमाण वाढते आणि विषबाधा होऊ शकते. आपला उन्हाळा असा, आणि ज्येष्ठात निर्जळा एकादशी! अशा माणसाने निर्जळ उपास करू नये. ज्यांना मधूनमधून उन्मादाचे झटके येतात त्यांनी रात्र रात्र जागरणेही करू नयेत. तुटलेली झोप झटक्याला आमंत्रण देते. कानबाईच्या रात्री त्यांनी वेळेवर निजावे. कानबाई रागावणार नाही. आजाऱ्याला उपासाची सूट आपल्या शास्त्रांनीच दिली आहे. ती सूट घेणाऱ्याकडे वाकडे पाहणारे आपण असतो, देव नव्हे.

शेवटी देवळाच्या विश्वस्तांपुढे आमची एक मागणी मांडतो. ते समोरच बसले आहेत, म्हणून संकोच वाटतो, पण मांडतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ या नावाने एक उपक्रम २००८ पासून चालला. मुजावर दुवा देतात आणि तेथेच बसलेल्या डॉक्टरकडे रोग्याला पाठवितात. दोघांचे भांडण नाही. आपल्याकडे असे का होऊ नये? महिन्यात दोन एकादश्या येतात. जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. एका एकादशीला दुपारी त्यांच्यापैकी कोणी सभामंडपाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसावे. वर पाटी लावू नये, पाटी वाचून कोणी येणार नाही. पुजाऱ्यांनी नुसते सांगावे, ‘दर्शन झाले ना? आता तिकडे थोडे बसून जा.’

आणि उन्हाळ्यात दुपारी देवळाला जे कुलूप लागते, त्याचाही विचार व्हावा. गाभारा बंद राहू द्या. देवालाही विश्रांती हवी. सभामंडपाची फरशी थंड असते. एक माठ भरून ठेवावा, दोन सतरंज्या टाकाव्या, आणि तेथे येऊन कोणी निजले तर त्याला तासभर कोणी उठवू नये. कोण आहेस, कोणाचा आहेस, असे विचारू नये. माठाला लागणारे पाणी आम्ही भरू. आखाजीपासूनच सुरू करता येईल.